जुना ग्रास कटर भंगारात देण्याआधी हे वाचा : टू-स्ट्रोक इंजिनाचे घरगुती उपयोग, जोडणी आणि धोके

गणपती गेले, पाऊस आवरला आणि बागांमधून पुन्हा ग्रास कटरचा आवाज सुरू झाला. आंबा-काजूची बेणणी आता कोयत्याने कोण करत नाही. माणूसच मिळत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत अनुदानातून म्हणा, स्वतःच्या पैशाने म्हणा, वाडीवाडीत ही मशीन आली. त्यातली पहिली खेप आता म्हातारी झाली आहे. कोणाच्या पडवीत दांडा मोडलेला कटर पडून आहे, कोणाकडे टाकी फुटलेला पाठीवरचा पॉवर स्प्रेअर. भंगारवाला ते किलोवर घेतो. पण बऱ्याच वेळा मशीन गेलेलं असतं आणि इंजिन चांगलं असतं.

हे इंजिन दुसऱ्या कामाला लावता येतं का, असं खूप जण विचारतात. मी स्वतः चार-पाच इंजिनांवर प्रयोग केले आहेत. काही जमले, काही फसले आणि एक तर जिवावर आला होता. त्यामुळे काय करावं याच्याबरोबर काय करू नये हेही इथे तितकंच सविस्तर लिहितो.

तुमच्याकडे नेमकं कुठलं इंजिन आहे?

आपल्याकडे मुख्यतः तीन मापं दिसतात. पाठीवरच्या पॉवर स्प्रेअरचं साधारण २६ सीसीचं, मध्यम ग्रास कटरचं ४३ सीसीचं आणि मोठ्या ग्रास कटरचं ५२ सीसीचं. ताकद ढोबळमानाने अनुक्रमे एक, पावणेदोन आणि दोन हॉर्सपॉवर. ही ताकद मिनिटाला ६५०० ते ७५०० फेऱ्यांवर मिळते, कमी फेऱ्यांवर इंजिनात जोर नसतो. सगळं पुढचं गणित या एका गोष्टीवर चालतं.

आणि कंपनीने लिहिलेली ताकद ही कमाल ताकद असते. तासभर सलग चालवायचं तर तिच्या अर्ध्या-पाऊण हिश्शावरच भरवसा ठेवायचा.

आधी एक तपासा : इंजिन खरंच टू-स्ट्रोक आहे ना? काही चांगल्या कंपन्यांचे ग्रास कटर फोर-स्ट्रोक असतात. त्यांना ऑइल भरायचं वेगळं झाकण असतं आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नसतं. टू-स्ट्रोकला असं झाकण नसतं, त्याचं वंगण पेट्रोलमधूनच जातं.

इंजिन जिवंत आहे की मेलेलं : पाच तपासण्या

१. स्टार्टरची दोरी हातात धरून इंजिन हळूच वर उचला. दोरीवर ते थांबत थांबत खाली आलं तर कॉम्प्रेशन आहे. सरसर खाली घसरलं तर रिंग किंवा सिलिंडर गेला.

२. सायलेन्सरचे दोन बोल्ट काढा आणि भोकातून पिस्टन बघा. पिस्टनवर उभे ओरखडे असतील तर ऑइलविना चालून तो धरलेला आहे. गुळगुळीत असेल तर चांगली खूण.

३. प्लग काढून, वायरला लावून, त्याचं लोखंड इंजिनच्या बॉडीला टेकवून दोरी ओढा. ठिणगी दिसली पाहिजे. हे करताना आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको आणि प्लगच्या भोकापासून ठिणगी लांब ठेवा. प्लगमधलं अंतर ०.६ ते ०.७ मिलिमीटर हवं.

४. ठिणगी नसेल तर लगेच कॉइल बदलू नका. बंद करायच्या बटणाची वायर कॉइलपासून सोडवून परत बघा. दांड्यातून जाणारी ही वायर सोलून बॉडीला लागलेली असते. माझ्याकडे ‘कॉइल गेली’ म्हणून आलेल्या दोन इंजिनांत हाच बिघाड निघाला.

५. क्लचकडचं शाफ्टचं टोक धरून वर-खाली हलवून बघा. खडखडत असेल तर बेअरिंग गेलं. ते इंजिन सोडून द्या.

कार्ब्युरेटर, प्लग, पेट्रोलची नळी, एअर फिल्टर हे सामान काही शेकड्यांत येतं. पण पिस्टन, सिलिंडर आणि बेअरिंग तिन्ही बदलायची पाळी आली तर माझा सल्ला, भंगारात द्या.

पावसाळ्यात पडून राहिलेलं पेट्रोल आधी ओता

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि कोकणात पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय दुसरं असतं काय! पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाला बसतं. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीतली नळी मात्र तळातलं ओढते. म्हणजे इंजिनला वंगण मिळतच नाही आणि पिस्टन धरतो. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा कडक होतो तो वेगळाच.

म्हणून जुनं पेट्रोल काढून टाका, नळी नवी घाला आणि ताजं मिश्रण करा. प्रमाण मशीनवर लिहिलेलं असतं. २५:१ असेल तर लिटरला ४० मिली ऑइल, ४०:१ ला २५ मिली, ५०:१ ला २० मिली. अंदाजाने झाकणभर ओतू नका, मेडिकलमधून मापाची सिरिंज घ्या. महिन्याभरात संपेल एवढंच मिश्रण करा. काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

जोडणी करताना ध्यानात ठेवायचं

क्लच काढू नका. ग्रास कटरच्या इंजिनला फेऱ्या वाढल्यावर पकडणारा क्लच असतो, साधारण ४००० फेऱ्यांच्या आसपास तो ड्रम फिरवू लागतो. त्यामुळे इंजिन मोकळं सुरू करता येतं. इंजिन स्लोवर असताना ड्रम स्थिर राहिला पाहिजे. तेव्हाही फिरत असेल तर स्लोचा स्क्रू कमी करा, नाही तर क्लचची स्प्रिंग तुटली आहे का बघा.

पट्ट्याचा ताण इंजिनच्या शाफ्टवर देऊ नका. तो शाफ्ट सरळ फिरवायला बनवलेला आहे, बाजूला ओढायला नाही. ड्रमच्या पुढे वेगळा शाफ्ट घ्या, त्याला दोन बेअरिंगवर बसवा आणि पुली त्यावर घाला. लेथवाल्याकडे अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण इंजिन टिकतं.

फेऱ्या कमी करून घ्या. दोन इंची पुलीवरून सहा इंची पुलीवर पट्टा घातला की ६५०० च्या जवळजवळ २२०० फेऱ्या होतात आणि जोर वाढतो. उलटं मात्र कधी करू नका. सहा इंची बिडाची पुली थेट इंजिनच्या वेगाने फिरवली तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या वर जातो. साध्या बिडाच्या पुलीची मर्यादा ३३ मीटरच्या आसपास असते. ती फुटली तर तुकडे गोळीसारखे जातात.

वारा अडवू नका. इंजिन थंड होतं ते मॅग्नेटच्या पंख्याने. त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर ‘उगाच अडचण’ म्हणून काढून टाकलं तर वारा सिलिंडरवर जातच नाही.

बंद करायचं बटण हाताशी हवं. या इंजिनांना बहुतेक वेळा गव्हर्नर नसतो. पट्टा निसटला किंवा पंपाचं पाणी तुटलं की फेऱ्या एकदम भडकतात. उभ्या जागेवरून दाबता येईल असं बटण लांब वायरने बसवा.

पट्टा, पुली, शाफ्ट सगळ्यावर जाळी हवी. लुंगी, टॉवेल, ओढणी, पदर यातलं काहीही मशीनजवळ नको.

कार्ब्युरेटर बघून मांडणी करा. ग्रास कटरचा कार्ब्युरेटर पडद्याचा असतो, कसाही तिरका चालतो. जुन्या पाठीवरच्या स्प्रेअरला बरेचदा वाटीचा, म्हणजे फ्लोटचा असतो. तो सरळ उभाच बसवावा लागतो.

कोणत्या कामाला चालतं

पातेरा उडवायला : हा सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात चांगला उपयोग. पाठीवरचा जो स्प्रेअर पंख्याच्या वाऱ्याने औषध उडवतो, त्याची औषधाची टाकी आणि नळी काढली की उरतो तो ब्लोअर. काही नवीन बनवायचं नाही. आंब्याखालचा पातेरा ओढायला, मार्च-एप्रिलमध्ये बागेच्या कडेने वणव्यासाठी जाळपट्टा मोकळा करायला उत्तम. फक्त आधी सगळं साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, औषधाचा अंश राहतो. आणि गरम सायलेन्सर पातेऱ्यावर टेकवू नका, नाही तर जो वणवा थांबवायला गेलात तोच लावून याल.

भात वारवायला : हाच ब्लोअर अर्ध्या रेसवर, लाकडी घोडीवर बांधून. धूर भाताच्या दिशेने जाणार नाही असं तोंड ठेवा, नाही तर तांदळाला ऑइलचा वास येतो. आमच्याकडे पहिल्या वर्षी आला होता.

भाजीच्या ओळींतलं तण काढायला : ४३ किंवा ५२ सीसीच्या कटरच्या दांड्याला बसणारी विडरची जोडणी तयार मिळते. तिच्यात फेऱ्या कमी करणारा गिअर असतो. घेताना दोन मापं बघा, पाईपची जाडी २६ की २८ मिलिमीटर आणि आतल्या शाफ्टला दात किती. बहुतेकांना नऊ असतात. मऊ, ओल सुटलेल्या जमिनीत चालतं. कातळात किंवा हरळीत नाही.

व्हाळाचं किंवा तळीचं पाणी उचलायला : एक किंवा दीड इंची पंपाची जोडणी मिळते. इंजिन एकाच दिशेला फिरतं, पंपाची दिशा तीच आहे का हे आधी बघा. सुरू करण्याआधी पंपात पाणी भरा. कोरडा फिरला तर सील जळतो. पाण्याजवळ, उघड्यावर ठेवून पाव-अर्धा एकर भाजीला पाणी द्यायला हा पंप चांगला. पण खाली विहिरीबद्दल लिहिलं आहे ते वाचल्याशिवाय हा पंप घेऊ नका.

कोणत्या कामाला चालत नाही

आंब्याच्या फवारणीचा एचटीपी पंप : नेहमीच्या मापाच्या पंपाला दोन-तीन हॉर्सपॉवर सलग हवी. ५२ सीसीचं इंजिन फार वेळ दम धरत नाही.

धार लावायचा दगड : टेबलावरच्या ग्राइंडरच्या दगडावर त्याच्या कमाल फेऱ्या लिहिलेल्या असतात. त्या या इंजिनाच्या फेऱ्यांपेक्षा खूप कमी असतात. दगड फुटतो.

घरची लाईट : २३० व्होल्टचा जनरेटर घरी बनवू नका. गव्हर्नर नाही म्हणजे व्होल्टेज स्थिर नाही. टीव्ही-फ्रिज जाईल, आणि घरच्या वायरिंगला जोडलात तर लाईनवर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. गाडीचा अल्टरनेटर लावून १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होते, मी केली आहे. पण हिशेब बघा : ३५ अँपिअर-अवरची अर्धी उतरलेली बॅटरी भरायला तासभर तरी जातो आणि अर्धा लिटरच्या आसपास पेट्रोल. बॅटरीत जाते जेमतेम ०.२ युनिट वीज. वादळात चार दिवस लाईट गेली तर मोबाईलपुरतं ठीक. रोजच्यासाठी सोलरचं छोटं पॅनेल परवडतं.

सायकल : मुलांना याचाच नाद जास्त. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल तरच ते ‘मोटार वाहन’ धरलं जात नाही. स्प्रेअरचं लहान इंजिनसुद्धा २५ च्या किंचित वर जातं, ४३-५२ तर सोडाच. म्हणजे नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं, आणि घरी बनवलेल्या गाडीची नोंदणी होत नाही. अपघात झाला तर विम्याचा एक रुपया मिळणार नाही. सायकलचे ब्रेक त्या वेगाचे नसतात हे तर आहेच.

आणि जिथे लाईट आहे तिथे मोटारच वापरा. एक हॉर्सपॉवरची मोटार तासाला साधारण एक युनिट घेते. तेवढ्याच कामाला हे इंजिन अर्धा लिटरच्या वर पेट्रोल पितं. लिटरचा भाव शंभराच्या वर आहे.

विहीर : इथे थांबा

कुठलाही पंप पाणी वर ओढतो म्हणजे खरं तर बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. समुद्रसपाटीला ही मर्यादा १०.३ मीटर, म्हणजे ३४ फुटांच्या आसपास. लहान पंप प्रत्यक्षात २० ते २२ फुटांच्या वर ओढत नाही. रेस कितीही वाढवा. इंजिन मोठं केलं तरी हा आकडा बदलत नाही.

आता मे महिन्यात आपल्या विहिरी बघा. पाणी तीस फुटांवर. काठावरून पंप ओढत नाही. मग सगळ्यांच्या डोक्यात एकच येतं, इंजिनच खाली उतरवू.

आम्हीही तेच केलं. काही वर्षांमागची गोष्ट. विहिरीचा गाळ काढायचा होता आणि झऱ्याचं पाणी थांबत नव्हतं. मी बनवलेला ५२ सीसीचा पंप दोरीने खाली टप्प्यावर ठेवला. माझा चुलत भाऊ खाली घमेलं भरत होता. वडलांनी मात्र एक हट्ट धरला होता, "दोरी बांधल्याशिवाय कोण उतरायचा नाय." आम्हाला तेव्हा हसू आलं. पंधरा मिनिटंही झाली नसतील, खालून आवाज आला, "माका गरगरता." आम्हाला वाटलं उन्हाचं असेल. वर ये म्हणून सांगितलं तर त्याला शिडीची पायरी चढवेना. गुडघेच गेले. चौघांनी दोरीने वर काढला तेव्हा डोळे उघडे होते, पण बोलत नव्हता. ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजन लावला. रात्री शुद्धीवर आला. आज तो बरा आहे. तो पंप मी बनवला होता आणि विहिरीत मीच सोडला होता.

काय होतं ते समजून घ्या. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, टू-स्ट्रोकमध्ये भरपूर. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असतो, पण ऑक्सिजन शरीराला पोचत नाही. विहिरीत वारा नाही, धूर जायला जागा नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, उलटीसारखं होतं. नंतर पाय जातात. तोपर्यंत आपणहून वर येण्याची ताकद संपलेली असते.

जुनी माणसं कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर उतरू नका, हे खरं. पण कंदील पेटता राहिला म्हणजे विहीर सुरक्षित, हे खोटं. ज्योतीला ऑक्सिजन पुरेसा मिळतो म्हणून ती जळते. माणसाला मारण्याएवढा कार्बन मोनॉक्साइड असला तरी ती विझत नाही.

म्हणून :

- कुठलंही पेट्रोल किंवा डिझेल इंजिन विहिरीत, टाकीत, बंद गोठ्यात, बंद खोलीत चालवायचं नाही. पाच मिनिटंही नाही.
- खोल विहिरीला विजेवरचा सबमर्सिबल पंप वापरा. लाईट नसेल तर जनरेटर भाड्याने आणा आणि काठापासून लांब, धूर विहिरीकडे येणार नाही अशा बाजूला ठेवा. आत माणूस असेल तेव्हा पंप बंद.
- विहिरीत उतरणाऱ्याच्या अंगाला दोरी आणि वर किमान तीन माणसं हवीतच.
- खालचा माणूस पडला तर त्याच्या मागे उडी घालू नका. एकामागून एक माणसं जातात ती अशीच. दोरीने वर ओढा, ११२ किंवा १०८ ला फोन करा, मोकळ्या हवेत झोपवा. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा.

शेवटचं

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना एकट्याने करू नका. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका, दहा मिनिटं थांबा. कानात बोळे आणि डोळ्यांवर चष्मा घाला. या इंजिनाचा आवाज कानाशी १०० डेसिबलच्या आसपास जातो आणि संध्याकाळी कान वाजतात ते उगाच नाही.

थोडक्यात, हे इंजिन हलकं आहे, वेगाचं आहे आणि तासाभराच्या कामाचं आहे. वारा, तण आणि जवळचं पाणी या तीन कामांना लावलं तर आणखी चार-पाच वर्षं सहज देतं. आमचा तो ५२ सीसीचा पंप अजून आहे. व्हाळावर चवळीला पाणी देतो. त्याच्या स्टँडला मी लोखंडी साखळी वेल्ड केली आहे आणि साखळीचं दुसरं टोक माडाला कुलपाने बांधलेलं असतं. विहिरीपर्यंत ती साखळी पुरत नाही.